खेळाच्या तासाला वर्गात बसवलेली मुलगी

“ही काय काय खेळते?” डॉक्टरबाईंनी विचारलं.

मी जरा ताठ बसून सांगितलं, “खेळायला मी फारसं सोडत नाही. तिचं अक्षर अगदीच वाईट आहे, म्हणून खेळाच्या तासालाही वर्गात लिहायला बसवतो. स्वतः लक्ष घालतो. मी तिचा बापही आहे आणि वर्गशिक्षकही.”

डॉक्टरबाई लिहायच्या थांबल्या. त्यांनी आरोहीला तिच्या आईबरोबर बाहेर पाठवलं, दार लागेपर्यंत वाट बघितली आणि म्हणाल्या, “सर, तुमच्या मुलीला डेव्हलपमेंटल को-ऑर्डिनेशन डिसऑर्डर आहे. आणि तिला ज्याची सगळ्यात जास्त गरज होती, तेच तुम्ही बंद केलंत.”

आवाज चढवला नव्हता त्यांनी. तरी माझे कान तापले. एकोणीस वर्षं मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतोय. मुलांचं काय चुकलं हे सांगायची मला सवय आहे, माझं काय चुकलं हे ऐकायची नाही.

हे लिहितोय ते माझ्यासारख्या आईबापांसाठी, आणि त्याहून जास्त माझ्यासारख्या शिक्षकांसाठी. तुमच्या घरात किंवा वर्गात असं एखादं मूल असेल तर निदान माझी चूक तुम्ही करू नका.

आधी त्या लांबलचक नावाचा अर्थ सांगतो, कारण मलाही तो तीनदा विचारावा लागला. अशा मुलांची बुद्धी चांगली असते. हातापायात ताकद असते. पण मेंदू, डोळे आणि हात यांचं एकमेकांशी वेळेवर जुळत नाही. बटण लावणं, पेन्सिल धरणं, डब्याचं झाकण उघडणं या बोटांच्या बारीक कामांना फाइन मोटर स्किल्स म्हणतात. धावणं, फेकणं, झेलणं, उडी मारणं ही ग्रॉस मोटर, म्हणजे सगळ्या अंगाची कामं. आरोहीला दोन्ही जड जात होती. मला मात्र त्यातलं फक्त अक्षर दिसत होतं, कारण मला वहीच तपासता येते.

खरं तर सगळं खूप आधीपासून दिसत होतं. पाच वर्षांची असताना तिला फ्रॉकचं बटण लागायचं नाही. पाण्याचा तांब्या हातातून सुटायचा. चालता चालता दाराच्या चौकटीला खांदा आपटायचा. माझी बायको सुनंदा म्हणायची, “अहो, हिचं लक्ष आहे, हातच वळत नाही.” मी म्हणायचो, धांदरट आहे, होईल मोठेपणी शहाणी.

शाळेत आली आणि पेन्सिलचा विषय सुरू झाला. ती पेन्सिल मुठीत आवळून धरायची. इतकी दाबायची की पान मागून उठून यायचं. रबराने खोडताना भोक पडायचं. ओळीत सुरू झालेलं वाक्य दोन ओळी खाली जाऊन संपायचं. गणितं मात्र तोंडी फटाफट सांगायची, आणि तेच कागदावर उतरवायला सांगितलं की अर्धा तास.

कोल्हारजवळच्या आमच्या शाळेत दोनच शिक्षक. पहिली-दुसरी काळे मॅडमकडे, तिसरी-चौथी माझ्याकडे. माझं फलकलेखन तालुक्यात नावाजलेलं. कुठल्याही कार्यक्रमाचा फळा असो, निरोप मलाच येतो. आणि माझ्याच मुलीचं अक्षर वर्गात सगळ्यात वाईट. केंद्रप्रमुख वह्या बघायला आले की मी तिची वही गठ्ठ्यात सगळ्यात खाली ठेवायचो. आज हे लिहितानाही लाज वाटते.

मग मी माझा उपाय काढला. शेवटचा तास खेळाचा. वर्गातली खराब अक्षराची सात मुलं त्या वेळी आत बसून शुद्धलेखन लिहायची, बाकीची मैदानावर. हा काही माझाच शोध नव्हता. आमच्याकडे अभ्यास मागे पडला की पहिली कात्री खेळाच्या तासाला लागते, आणि पालकही त्यासाठी आपल्याला चांगलं म्हणतात. त्या सातांत आरोही पहिल्या जागेवर. खिडकीतून लगोरीचा आवाज यायचा आणि मी म्हणायचो, “मान खाली.”

घरी परत एक पान. सुट्टीत दोन पानं.

चौथीत गेल्यावर एकदा मी तिचं पान सगळ्या वर्गासमोर वहीतून टराटरा फाडलं आणि म्हटलं, पुन्हा लिही. ती रडली नाही. शाळेत ती मला सर म्हणते. “हो सर,” म्हणाली आणि पुन्हा लिहायला बसली. त्या दिवसानंतर महिनाभरात तिने पेन्सिल हातात घेणंच बंद केलं. वही काढली की पोट दुखायचं. काही विचारलं तर एकच वाक्य, “माझे हात वाईट आहेत.” तोंडी उत्तरं देणंही हळूहळू थांबलं. जी मुलगी पाढे म्हणत घरभर फिरायची ती गप्प बसून राहायला लागली. काळजी अक्षराची उरलीच नव्हती, मुलगीच हातातून चालली होती.

काळे मॅडमनी मला बाजूला घेऊन सांगितलं, “सर, तिचा हात थरथरतो. तुम्ही वही बघता, हात बघा एकदा. डॉक्टरांना दाखवा.”

गावातल्या डॉक्टरांनी तिला जमिनीवर बसवून उठायला सांगितलं, पोटऱ्या दाबून बघितल्या आणि रक्ताची तपासणी लिहून दिली. त्यात सीपीके नावाची एक तपासणी होती. स्नायू झिजत असतील तर रक्तात हा घटक वाढतो. “काही निघेल असं वाटत नाही, पण खात्री करून घेऊ,” ते म्हणाले. त्यातलं ‘स्नायू झिजत असतील तर’ एवढंच माझ्या डोक्यात राहिलं.

रिपोर्टला चार दिवस लागले. त्या चार दिवसांत मी मोबाईलवर नको ते सगळं वाचलं. तुम्ही वाचू नका. तिसऱ्या दिवशी वर्गात फळ्यावर तारीख लिहिताना खडू हातातच राहिला आणि मुलं माझ्याकडे बघत बसली. मनात म्हणत होतो, अक्षर कसंही असू दे, कायमचं तसंच राहू दे, फक्त हिला चालता येऊ दे.

रिपोर्ट चांगला आला. थायरॉईड, बी-ट्वेल्व्ह, सगळं ठीक. मग गावातल्या डॉक्टरांनीच मुलांच्या वाढीच्या तज्ज्ञ असलेल्या या डॉक्टरबाईंकडे चिठ्ठी दिली. जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं तरी आम्ही अजून ‘नगरला’च जातो. कोल्हारहून सकाळची एसटी, राहुरीच्या पुढे खड्डे, आणि मग दवाखान्याच्या बाकावर अडीच तास. बाकावर शेजारी एक बाई आपल्या मुलाला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. त्यांनी आरोहीकडे बघून विचारलं, “हिला काय झालंय? चांगली तर दिसती.” चांगली दिसते म्हणूनच तर आम्ही इतकी वर्षं ओरडत होतो.

तपासणी सुईची नव्हतीच. एका पायावर उभं राहा. रेषेवरून चाल. वाळू भरलेली छोटी पिशवी झेल. भोकांच्या पाटीत खुंट्या बसव. डोळे मिटून बोट नाकाला लाव. मी भिंतीला टेकून बघत होतो. दहापैकी दोन झेल. एका पायावर चार सेकंद. खुंट्या बसवताना तिची जीभ बाहेर आली होती आणि कपाळाला घाम. इतका जीव तोडून ती काम करते हे मी पहिल्यांदा बघितलं. तोवर मी तिला आळशी म्हणत आलो होतो.

मग तो खेळाचा प्रश्न आणि माझं ते उत्तर.

मी डॉक्टरबाईंना विचारलं, “पण मॅडम, लगोरी खेळून अक्षर कसं सुधारेल?”

त्या म्हणाल्या, “तुम्ही डगमगत्या टेबलावर लिहाल का? तिचे खांदे आणि पाठ हे तिचं टेबल आहे. ते हलतं, म्हणून ती बोटं आवळून धरते. फेकणं, झेलणं, लोंबकळणं, चढणं यातून ते टेबल पक्कं होतं. चेंडूवर नजर ठेवून हात पुढे नेणं आणि ओळीवर नजर ठेवून पेन्सिल नेणं, यात नजर आणि हात यांचंच जुळावं लागतं.”

पुढे त्यांनी जे सांगितलं तेही इथे लिहितो, म्हणजे कोणी चमत्काराच्या मागे लागणार नाही. “नुसतं खेळून अक्षर येणार नाही. लिहिण्याचाही सराव लागेल, पण थोडा आणि रोज. आणि ही अडचण पूर्ण जाईल असं मी म्हणणार नाही. ती हिच्याबरोबर राहील. हिला थोडा जास्त वेळ लागेल, तो द्या.”

बाहेर आलो तर सुनंदा आरोहीची वेणी घालत होती. मी तिला सगळं सांगितलं. सुनंदा राजूरची. डोंगरात करवंदं काढत, झाडावर चढत मोठी झालेली. “तिला खेळू द्या की वाईच,” हे ती तीन वर्षं म्हणत होती. आता ‘मी सांगत होते ना’ असं ती म्हणेल म्हणून मी तयारीत होतो. परतीच्या गाडीत आरोही तिच्या मांडीवर झोपली आणि सुनंदा पूर्ण रस्ता तिची बोटं एकेक करून दाबत राहिली. त्यापेक्षा बोलली असती तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी शेवटचा तास लागला. सात मुलं सवयीने वह्या काढून बसली. मी म्हटलं, “वह्या ठेवा. बाहेर चला.” एकही हललं नाही. त्यांना वाटलं काहीतरी शिक्षा आहे. पूनम नावाच्या मुलीने तर विचारलं, “सर, आमी काय केलं?” त्या प्रश्नाचं खरं उत्तर द्यायला हवं होतं. मी नुसतं “काही नाही, चला” म्हटलं.

आठवड्यात पूनमची आई शाळेत आली. दारातूनच म्हणाली, “गुरुजी, पोरीला लिवायला पाठविते मी, खेळायला न्हाई. खेळायला घरी लई जागा हाय. आदी तुमी बसवून घेत हुता, आता काय झालं?”

माझीच वाक्यं ती मला परत देत होती. मी तिला खाली बसवलं, माझ्या मुलीची फाईल दाखवली आणि झालं ते सगळं सांगितलं. बराच वेळ ऐकून ती म्हणाली, “मंग आमच्या पूनमलाबी त्योच आजार हाय का?”

“नाही. सगळ्या सातांना आजार असेल असं नाही,” मी म्हटलं. “पण खेळ सगळ्यांनाच लागतो. माझी चूक झाली ताई.”

पालकासमोर हे वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा बोललो. ती जराशी ओशाळली. “असू द्या गुरुजी,” म्हणून निघून गेली.

नगरला पंधरा दिवसांतून एकदा ऑक्युपेशनल थेरपी सुरू झाली. रोजची कामं मुलाला करता यावीत म्हणून शिकवणारा हा उपचार. थेरपिस्ट मॅडम वयाने लहान, माझ्या पहिल्या बॅचच्या विद्यार्थिनी शोभल्या असत्या. त्यांनी घरच्यासाठी यादी दिली. भिंतीवर चेंडू मारून झेलणे. दोरीवरच्या उड्या. हातांवर चालणे, आपण मागून पाय धरायचे. झाडाच्या फांदीला लोंबकळणे. गोट्या. कणीक मळणे. आणि लिहिणं रोज फक्त दहा मिनिटं, घड्याळ लावून, अकरावं मिनिट नाही.

पहिला महिना वाईट गेला. चेंडू तोंडावर आदळायचा. आरोहीला चेंडूचीच भीती बसली होती, आणि इतर पोरी तिला आपल्या बाजूला घ्यायला तयार नसायच्या. “आरोहीकडं चेंडू गेला की आपन हारतो,” असं तिच्यासमोर बोलायच्या. थेरपिस्ट मॅडम म्हणाल्या, “चेंडू मोठा घ्या, जवळून टाका. हळूहळू लांब जा. तिला जमेल तिथून सुरू करा, तुम्हाला हवं तिथून नको.” सुनंदाने जुन्या साडीचा मोठा मऊ चेंडू शिवला. रोज संध्याकाळी अंगणात आम्ही बापलेक समोरासमोर उभे. माझ्या हातून तरी सगळे झेल नीट होतात असं नाही हे तिला तेव्हा कळलं आणि ती पहिल्यांदा हसली. कितीतरी महिन्यांनी.

दिवाळीच्या सुट्टीत ती राजूरला मामाकडे गेली. तिथे मामेबहिणी सागरगोटे खेळतात. एक गोटा वर उडवायचा, तो खाली यायच्या आत जमिनीवरचा दुसरा उचलायचा आणि वरचा झेलायचा. बोटांना याहून चांगली शाळा नाही असं थेरपिस्ट मॅडमनीही नंतर सांगितलं. आरोहीला आठ दिवस काही जमलं नाही. नवव्या दिवशी तिने फोन केला. “पप्पा, एक झेलला.” मी “शाब्बास, शाब्बास” एवढंच म्हणत राहिलो. सुनंदाने फोन काढून घेतला.

जानेवारीत एका सकाळी ती गणवेश घालून समोर येऊन उभी राहिली. मला कळेना काय बघायचं. सुनंदा म्हणाली, “अहो, बटणं.” पाचही बटणं तिने स्वतः लावली होती. एक घर चुकलं होतं, त्यामुळे कॉलर वाकडी झाली होती. आम्ही ती तशीच राहू दिली आणि ती तशीच शाळेत गेली.

अक्षराचं विचाराल तर ते आजही सुंदर नाही. वाचता येतं. ओळ धरून चालतं. पान फाटत नाही. परीक्षेत तिला थोडा वेळ जास्त मिळावा म्हणून डॉक्टरबाईंनी पत्र दिलंय. ती पुन्हा तोंडी उत्तरं द्यायला लागली आहे, आता तर मी फळ्यावर चुकलो की मागून मोठ्याने सांगते. आमच्या शाळेत खेळाचा तास आता खेळाचाच असतो. काळे मॅडमसुद्धा पदर खोचून लगोरी लावतात. सातपैकी चार मुलांचं अक्षर सुधारलं. ते खेळामुळे की माझं ओरडणं बंद झाल्यामुळे, मला सांगता यायचं नाही.

पण माझी लाल पेनाची खोड गेली नव्हती. मार्चमध्ये थेरपिस्ट मॅडमनी आरोहीची वही मागितली. मी घरच्या दहा मिनिटांच्या लिखाणातही प्रत्येक वेलांटीला लाल गोल केला होता. मॅडमनी वही मिटली आणि मला म्हणाल्या, “सर, तुम्हाला एक अभ्यास देते. डाव्या हाताने रोज एक पान लिहायचं. ओळ सोडायची नाही, खाडाखोड चालणार नाही. आठवडाभर.”

मला हसू आलं. घरी येऊन त्याच संध्याकाळी बसलो. आरोही समोर पाटावर, तिचं तिचं लिहून झालेलं. पहिल्या दोन ओळी मी गमतीत लिहिल्या. तिसऱ्या ओळीला मनगट दुखायला लागलं. अक्षर मला स्वच्छ दिसत होतं, कसं काढायचं हे माहीत होतं, आणि हात दुसरंच काहीतरी करत होता. ‘क्ष’ काढताना पेनाचं टोक कागदात घुसलं. पाचव्या ओळीला माझा जबडा आवळला गेला होता. सातव्या ओळीला खरोखर राग आला, हाताचा, पानाचा, मॅडमचा. मी जोर देऊन खोडलं आणि पान फाटलं. मी तसाच पेन आवळून बसून राहिलो. चार वर्षं तिने रोज हेच केलं होतं, आणि समोर बसून मी तिला मान खाली घालायला सांगत होतो.

आरोही उठून माझ्याजवळ आली. तिने फाटलेलं पान बघितलं, माझा हात बघितला. मग माझी बोटं एकेक करून सोडवून तिने पेन काढून घेतलं आणि बाजूला ठेवलं.

“दुखतंय ना पप्पा? राहू द्या. उरलेलं उद्या लिहा,” ती म्हणाली. “चला, अजून उजेड आहे, थोडं खेळून येऊ.”